परदेशी दुचाकीस्वारांचा वाहन परवाना (चंद्रपूर व गडचिरोली)

भारतात मोटारसायकल चालवू इच्छिणाऱ्या परदेशी नागरिकास मुख्यतः दोन पर्याय उपलब्ध असतात : मायदेशात मिळवलेला आंतरराष्ट्रीय वाहन चालन परवाना किंवा भारतीय परिवहन कार्यालयाने दिलेला परवाना. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील चंद्रपूर (वाहन नोंदणी क्रमांक एमएच-३४) आणि गडचिरोली (एमएच-३३) या वनव्याप्त जिल्ह्यांतही हेच नियम लागू होतात.

'''कायदेशीर आधार'''

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३ नुसार वैध परवान्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८१ अन्वये या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय परवान्याचा पाया १९४९ चा जिनिव्हा करार आणि १९६८ चा व्हिएन्ना करार यांत आहे. जिनिव्हा करारानुसार दिलेला परवाना एक वर्ष वैध असतो. व्हिएन्ना करारानुसार दिलेल्या परवान्याची मुदत कमाल तीन वर्षे असते. मात्र मूळ परवाना त्याआधी संपत असल्यास तीच मुदत धरली जाते. चीन या दोन्ही व्यवस्थांच्या बाहेर आहे.

'''आंतरराष्ट्रीय परवाना'''

हा परवाना मूळ परवान्याचे प्रमाणित भाषांतर असतो. तो मूळ परवान्यासोबतच ग्राह्य धरला जातो आणि ज्या देशाने दिला त्या देशात वापरता येत नाही. त्यामुळे भारतात आल्यावर येथील परिवहन कार्यालयाकडून असा परवाना घेऊन भारतातच दुचाकी चालवणे शक्य नाही. तो प्रवासापूर्वी मायदेशातून आणावा लागतो.

परवान्यातील वाहन वर्ग विशेष महत्त्वाचा असतो. मोटारसायकलसाठी 'ए' वर्गाची नोंद आवश्यक असते. केवळ मोटारीची, म्हणजे 'बी' वर्गाची, नोंद असलेल्या व्यक्तीस दुचाकी चालवण्याचा अधिकार मिळत नाही. युरोपातील 'ए१' उपवर्ग १२५ घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनापुरता मर्यादित असल्याने त्या आधारे ३५० घनसेंटीमीटरची दुचाकी चालवता येत नाही. मायदेशात सोळाव्या वर्षी परवाना मिळाला असला, तरी भारतात गिअरच्या मोटारसायकलसाठी किमान वय १८ वर्षे आहे.

'''भारतीय परवाना'''

दीर्घकाळ वास्तव्य करणारे विद्यार्थी, संशोधक वा कर्मचारी पासपोर्ट, व्हिसा आणि भारतातील निवासाचा पुरावा देऊन परवान्यासाठी अर्ज करू शकतात. शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. अधिनियमाच्या कलम ९ नुसार त्याच वर्गाच्या वाहनाचा परदेशी परवाना असलेल्या अर्जदारास वैद्यकीय अटींच्या अधीन राहून चाचणीतून सूट मिळू शकते. भारतीय परवाना देशभर वैध असल्याने सिरोंचा येथून तेलंगणा किंवा छत्तीसगडमध्ये जाताना वेगळ्या परवान्याची गरज नसते.

'''वाहन आणि विमा'''

भाड्याच्या दुचाकीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी दुचाकी भाड्याने देणे नियमबाह्य आहे. स्वतःची परदेशी नोंदणीची दुचाकी आणणाऱ्यांना २०२२ चे स्वतंत्र नियम लागू होतात. त्यांनुसार नोंदणीपत्र, परवाना, विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र जवळ बाळगावे लागते. ही कागदपत्रे अन्य भाषेत असल्यास अधिकृत इंग्रजी भाषांतर जोडावे लागते.

योग्य परवाना नसल्याचा सर्वांत गंभीर परिणाम अपघातानंतर दिसतो. त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. स्वर्णसिंग खटल्यात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत विमा कंपनीने आधी पीडितास भरपाई द्यावी व नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करावी, असा मार्ग मान्य केला. त्यामुळे धडक बसलेल्या गावकऱ्यास भरपाई मिळू शकते. परंतु तिचा भार अखेरीस दुचाकी देणाऱ्या मालकावर पडू शकतो. जखमी चालकाच्या स्वतःच्या प्रवास विम्याचा दावाही याच कारणाने फेटाळला जाऊ शकतो.

'''स्थानिक परिस्थिती'''

वाहन परवाना म्हणजे वनप्रवेशाची परवानगी नव्हे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांना दुचाकी नेता येत नाही. तेथील सफारी मोहर्ली, कोलारा यांसारख्या प्रवेशद्वारांतून नोंदणीकृत वाहनांतून होते. गडचिरोली शहरापासून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटरवर आहे. या मार्गाचा मोठा भाग जंगलातून जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क अनेकदा तुटतो. जंगलातील रस्त्यांवर वन्यप्राणी अचानक आडवे येत असल्याने रात्रीचा दुचाकी प्रवास धोक्याचा ठरतो. चालक आणि मागे बसणारी व्यक्ती या दोघांनाही कलम १२९ नुसार हेल्मेट बंधनकारक आहे.

'''भारतीय नागरिकांसाठी'''

परदेशी दुचाकी चालवू इच्छिणाऱ्या या जिल्ह्यांतील रहिवाशांना आपल्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना घेता येतो. त्यासाठी नमुना ४-अ मध्ये अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत एक वर्षापर्यंत असते. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेनुसार देशभर त्याचा नमुना एकसमान करण्यात आला असून त्यावर क्यूआर कोड असतो. जानेवारी २०२१ पासून परदेशात असताना मुदत संपल्यास भारतीय दूतावासामार्फतही नव्या परवान्यासाठी अर्ज करता येतो.