प्रियकर-प्रेयसीला भेटायला अमेरिकेत जाताना

जोडीदार अमेरिकेत आणि आपण भारतात असू, तर काही आठवड्यांच्या भेटीसाठी बी-२ हा पर्यटक व्हिसा लागतो. डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरून मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीसारख्या ठिकाणी मुलाखत द्यावी लागते.

१९५२ च्या स्थलांतर कायद्याचे कलम २१४(ब) इथे कळीचे आहे. अर्जदार कायमचा राहायला येतो आहे, असे अधिकारी गृहीत धरतो. ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदाराची. त्यामुळे निमंत्रणपत्रापेक्षा स्वतःची नोकरी, शिक्षण, घरच्या जबाबदाऱ्या यांना जास्त वजन असते.

नाते विचारले, तर खरे सांगा. प्रेम आहे म्हणून नकार मिळतोच, असा नियम नाही. पण खोटे बोलल्याचे सिद्ध झाले, तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते.

व्हिसा मिळाला तरी मुक्कामाची मुदत विमानतळावरचा अधिकारी ठरवतो; ती बहुधा सहा महिन्यांपर्यंत असते. तिथे लग्न करून स्थायिक व्हायचे असेल, तर हा मार्ग धरू नका. जोडीदार अमेरिकी नागरिक असल्यास त्यासाठी के-१ व्हिसा आहे. त्यावर अमेरिकेत पोहोचल्यापासून ९० दिवसांत लग्न करावे लागते.