एस्किपुलास : शेजाऱ्यांनी थांबवलेली युद्धे

१९८०च्या दशकात मध्य अमेरिकेतले कोणतेही युद्ध एका देशापुरते उरले नव्हते. निकाराग्वातल्या सँडिनिस्टा सरकारविरुद्ध लढणाऱ्या ‘कॉन्ट्रा’ बंडखोरांना अमेरिकेचे पाठबळ होते आणि त्यांचे तळ होंडुरासमध्ये होते. एल साल्वाडोरच्या लष्करामागे अमेरिका, तर तिथल्या गनिमांमागे निकाराग्वा आणि क्युबा. ग्वाटेमालात १९६० पासून यादवी सुरू होती. अशा वेळी एकट्या देशाने आपल्यापुरती शांतता करणे अशक्यच होते.

पहिला प्रयत्न जानेवारी १९८३चा. मेक्सिको, कोलंबिया, व्हेनेझुएला आणि पनामाचे परराष्ट्रमंत्री पनामाच्या कोंतादोरा बेटावर जमले. १९८४चा तहाचा मसुदा निकाराग्वाने मान्य केला, तेव्हा अमेरिकेच्या मित्रदेशांनी हरकती घेतल्या. तह झाला नाही. पण परकीय तळ, शस्त्रपुरवठा, पडताळणी या मुद्द्यांची मांडणी पक्की झाली.

मे १९८६मध्ये ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांचे राष्ट्राध्यक्ष ग्वाटेमालातल्या एस्किपुलास या तीर्थक्षेत्री भेटले. फेब्रुवारी १९८७मध्ये कोस्टा रिकाचे ऑस्कर आरियास यांनी नवी योजना पुढे ठेवली. त्यांच्या देशाने १९४८मध्येच सैन्य बरखास्त केले होते. ५ ऑगस्टला वॉशिंग्टनने स्वतःची योजना जाहीर केली. दोनच दिवसांनी, ७ ऑगस्ट १९८७ रोजी, पाचही अध्यक्षांनी ग्वाटेमाला सिटीत आपल्या करारावर सह्या केल्या. त्यांत साल्वाडोरचे दुआर्ते होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचे गनिमांनी अपहरण केले होते, तरीही त्यांनी सही केली.

या कराराचे खरे बळ त्याच्या रचनेत होते. युद्धबंदी, माफी, खुल्या निवडणुका, बंडखोरांना दिली जाणारी मदत बंद करणे, आपली भूमी शेजाऱ्याविरुद्ध वापरू न देणे ही बंधने पाचही देशांवर सारखीच होती आणि महत्त्वाच्या अटी सर्वांनी एकाच वेळी अमलात आणायच्या होत्या. त्यामुळे ‘आधी तुम्ही’ हा जुना वाद मिटला आणि एकट्या निकाराग्वाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे थांबले. त्याच वर्षी आरियास यांना शांततेचे नोबेल मिळाले.

पुढची वाट लांबची होती. फेब्रुवारी १९९०मध्ये निकाराग्वात निवडणूक झाली. व्हिओलेता चामोरो जिंकल्या आणि सँडिनिस्टांनी सत्ता सोडली. एल साल्वाडोरमध्ये मात्र आणखी रक्त सांडले. तिथला तह संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने जानेवारी १९९२मध्ये झाला, ग्वाटेमालातला डिसेंबर १९९६मध्ये. तोवर ग्वाटेमालात सुमारे २ लाख माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली होती आणि त्यांत बहुसंख्य माया आदिवासी होते.

जमिनीची विषमता या करारांनी मिटवली नाही. पुढे टोळ्यांची हिंसा वाढली आणि निकाराग्वात सँडिनिस्टांचे नेते ओर्तेगा यांनीच लोकशाहीचा गळा आवळला. हे अपयश मोठे आहे. तरीही एस्किपुलासचे श्रेय त्याने कमी होत नाही. महासत्तेच्या दडपणाखाली, एकमेकांवर विश्वास नसलेल्या पाच छोट्या देशांनी समान अटी स्वीकारून युद्धांना उतार लावला. विश्वास आधी आणि करार मग, असा हट्ट त्यांनी धरला असता तर ती युद्धे आणखी कित्येक वर्षे चालली असती.