शीड एकाने धरावे, कॅमेरा दुसऱ्याने

धरण म्हटले की आपल्याला आधी आवर्तन आठवते. पाणी कधी सुटणार, टेलपर्यंत पोचणार का, पाणीपट्टी किती भरायची, एवढ्यावर आपला धरणाशी संबंध संपतो. पण शेतकरी बंधूंनो, भिंतीच्या वरच्या अंगाला पसरलेल्या पाण्याकडे एकदा नीट बघा. आपल्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, असे पाणी भरपूर आहे. पश्चिमेला अकोल्यात १९२६ साली पुरे झालेले भंडारदरा, मध्ये राहुरीजवळ मुळा, पूर्वेला नेवासे-शेवगावच्या शिवाराला टेकलेला जायकवाडीचा नाथसागर, आणि दक्षिणेला कर्जतच्या भीमाकाठावर चढलेला उजनीचा फुगवटा. या पाण्यावर लहानशी शिडाची होडी घालावी, सोबत कॅमेरा न्यावा, पक्षी, डोंगर, बुडालेली गावठाणे टिपावीत, असा एक छंद आहे. त्याविषयी आज थोडे सांगायचे आहे.

हे श्रीमंतांचे चोचले, असे तुम्ही म्हणाल. जरा भीमेच्या पलीकडच्या काठावर पाहा. इंदापूर तालुक्यात भिगवण, कुंभारगावच्या बाजूला हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून फोटो काढणारे लोक भल्या पहाटे येऊन थांबतात. त्यांना होडीतून रोहित दाखवायला नेतात ते तिथलेच मच्छीमार. मासेमारीची होडी, तोच माणूस, तेच वल्हे, पण सकाळच्या दोन-तीन तासांचे वेगळे पैसे मिळतात. पाणी एकच आहे. त्याचा उत्तरेकडचा काठ आपल्या कर्जत तालुक्याला लागतो, पण गाड्या पलीकडेच थांबतात. याचे कारण रोहित पक्ष्याला विचारून कळणार नाही.

त्या होड्या वल्ह्याने, बांबूने नाही तर इंजिनाने चालतात. मग शीड कशाला? पहिले कारण आवाज. इंजिनाची धडधड ऐकली की चक्रवाकांची जोडी फोटोच्या टप्प्यात येण्याआधीच उठते. दुसरे म्हणजे इंजिनाच्या हादऱ्याने लांब पल्ल्याच्या लेन्सचा फोटो हलतो. शीड या दोन्ही बाबतींत सरस. पण शिडाचीही एक खोड आहे, बरं का. उंच पांढरे कापड पाण्यावरून सरकत येताना पाहून पक्षी बिचकतात. म्हणून लांब अंतर शिडावर कापायचे, थव्याच्या अलीकडे दोनशे-तीनशे पावलांवर शीड उतरवायचे आणि पुढे वल्हे हळू मारत जायचे.

आणखी एक मेख आहे, ती निसर्गानेच घातलेली. फोटोला उजेड हवा सकाळचा, कोवळा, तिरपा. त्या वेळी हिवाळ्यात पाणी आरशासारखे असते, वारा नसतोच. वारा उठतो दहा-अकरानंतर, जमीन तापली की. तोवर उजेड कडक होतो आणि फोटो पांढरा पडतो. म्हणजे सकाळी वल्हे आणि कॅमेरा, दुपारी शीड आणि फार तर व्हिडिओ, असा दिवस वाटून घ्यावा लागतो. सगळे एकाच वेळी साधायला जाणारा हात हलवत परत येतो.

आता मुख्य गोष्ट. शिडाच्या खालच्या कोपऱ्याला एक दोरी असते. ती ओढली की शीड आवळते, सोडली की शीड फडफडते आणि होडी सरळ होते. झोताचा वारा आला की वाचवते ती हीच दोरी, पण हातात असेल तरच. कॅमेरा धरायला दोन्ही हात लागतात, म्हणून नवशिका दोरी खुंटीला पक्की बांधतो आणि डोळा लेन्सला लावतो. मागून झोत येतो, शीड भरते, दोरी सुटत नाही, होडी एका अंगावर झोपते. कॅमेरा जातो तो जातोच, माणूसही जाऊ शकतो. म्हणून होडीत दोघे हवेत. सुकाणू आणि दोरी एकाकडे, कॅमेरा दुसऱ्याकडे. कंटाळा आला तर जागा बदला, पण कामे एकत्र करू नका. गोव्यात दिवाडीला बांधलेल्या ‘तारिणी’ बोटीतून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्या प्रवासावर पुढे माहितीपटही निघाला. सहाजणी असल्या की एकीकडे सुकाणू, दुसरीकडे कॅमेरा हे जमते. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून एकटेच जगाला वळसा घालून आले, पण त्यांच्यामागे नौदलाची शिस्त आणि वर्षांची तयारी होती. आपण दोघेच जावे.

वाऱ्याची थट्टा नको. २१ मे २०२४ रोजी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी उजनीत वादळी वाऱ्याने उलटली. एकजण पोहून काठाला लागला, सहाजण बुडाले. दोनच दिवसांनी आपल्या अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची होडी उलटली आणि दलाच्या जवानांना प्राण गमवावे लागले. ही तर रोजच्या सरावाची माणसे होती. वळवाचे दिवस, म्हणजे एप्रिल-मे, हौशी माणसाने होडीसाठी वर्ज्य मानावेत. पावसाळ्यातही नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आपला हंगाम. आणि पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट काठावरच घालायचे. ते होडीत बूड टेकायला अंथरण्यासाठी नसते.

भंडारदऱ्याला तर जास्तच जपा. तिथे डोंगर पाण्याला भिडलेले आहेत, खिंडीतून वारा कुठून वळून येईल याचा भरवसा नाही. पूर्वी शेंडीहून रतनवाडीला अमृतेश्वराच्या दर्शनाला लोक लाँचने जात, ते पाणी देखणे आहे यात शंकाच नाही. पण शीड शिकण्याची ती जागा नव्हे. नाथसागर उघडा, पसरट, वारा एकसारखा. पण उथळ आहे, गाळात होडी रुतते. शिवाय आपणच टाकलेल्या गोष्टी पाण्यात असतात: मोटारीचे पाइप, वीजवाहक केबल, जुन्या विहिरींचे कठडे, बाभळीचे खुंट. पाणी उतरायला लागले की या साऱ्यांची डोकी पृष्ठभागाच्या वीतभर खाली असतात. मच्छीमारांची जाळीही असतात. त्यांना विचारल्याशिवाय आत शिरू नका; जाळे फाटले तर एका कुटुंबाचा दिवस गेला.

काहीजण साध्या मासेमारीच्या होडीवर बांबू रोवून ताडपत्री ताणतात. त्याने होडी फक्त वाऱ्याच्या पाठीवर जाते. पलीकडे पोचाल झोकात, परतताना मात्र हात गळून जातील. वाऱ्याला तिरपे कापत, नागमोडी वळणे घेत वर यायचे तर होडीच्या मध्यातून खाली पाण्यात उतरणारी फळी आणि नीट सुकाणू लागते. हे काम कुणाकडून तरी शिकावे लागते. मुंबईत समुद्रावर शिडाची होडी शिकवणाऱ्या संस्था आहेत; आठवडाभर तिथे घालवलेला बरा.

कॅमेऱ्याबाबत दोन-चार गोष्टी. तिपाई होडीत निरुपयोगी, होडीबरोबर तीही हलते. त्यापेक्षा मांजरपाटाच्या पिशवीत शेर-दीड शेर ज्वारी भरा, तोंड शिवा, होडीच्या काठावर ठेवा आणि तिच्यावर लेन्स टेकवा. उडत्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी ठेवू नका. पाण्याच्या जितके जवळ बसाल तितका फोटो बोलका येतो, काठावरून उभ्याने काढलेल्या फोटोत ती मजा नाही. व्हिडिओ घेताना कॅमेरा सारखा फिरवू नका, दहा सेकंद एकाच जागी धरा आणि क्षितिजाची रेघ वाकडी होऊ देऊ नका. माइकवर स्पंजाची टोपी घाला, नाही तर नुसता वारा ऐकू येईल. मोबाइल असेल तर दोरीने गळ्यात अडकवा. तुमच्या गावात लग्नाचे शूटिंग करणारी पोरं असतीलच. त्यांच्याकडे कॅमेरा आहे, हात बसलेला आहे, आणि लग्नाच्या तिथी नसतात तेव्हा वेळही असतो.

या छंदाचा असा एक उपयोग आहे की त्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. पाण्यातल्या एकाच खुणेवरून, समजा एखाद्या देवळाच्या कळसावरून किंवा जुन्या पुलाच्या खांबावरून, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला फोटो काढा. दोन-तीन वर्षांत पाणी कसे चढले, कसे उतरले, जलपर्णी कुठवर आली, याची नोंद तयार होते. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून आपल्याकडे आणि मराठवाड्यात दर टंचाईच्या वर्षी भांडण होते. त्यात आकडे सरकारचे असतात. चित्र मात्र कुणाकडेच नसते. तारीख टाकलेला फोटो कुणाच्या बाजूने बोलेल ते आधी सांगता येत नाही, पण तो असलेला बरा.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनी हे ध्यानात ठेवावे. जलाशय जलसंपदा खात्याचा, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेचा, आणि नाथसागर तर १९८६ पासून पक्षी अभयारण्य, म्हणजे तिथे वन खात्याची परवानगी आधी. भिंतीजवळ होडी आणि कॅमेरा दोन्ही नको. ड्रोन उडवायचा तर २०२१ चे ड्रोन नियम आणि अभयारण्यातली मनाई पाहूनच. उन्हाळ्याच्या तोंडावर उघड्या पडणाऱ्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतात, तिथे फोटोसाठी उतरू देऊ नये. काठावर एक वही ठेवावी: कोण गेले, किती वाजता, कधी परतणार. चार जॅकेटे ग्रामपंचायतीने घेऊन ठेवली तर त्यांचा उपयोग हौशी पाहुण्यांपेक्षा गावालाच जास्त होईल. जायकवाडीच्या पलीकडे भिव धानोऱ्याची मुले थर्माकोलच्या तराफ्यावरून शाळेला जातात, ही बातमी २०२३ साली छापून आली होती. काहींचा छंद तो काहींचा रोजचा रस्ता असतो.

यंदा नोव्हेंबरात थंडी पडली की कर्जतच्या काठावर एखाद्या सकाळी जाऊन बघा. वारकरी पक्ष्यांचे काळे ठिपके पाण्यावर दिसतील, पट्टकादंब रात्री हरभऱ्यात चरून परतताना डोक्यावरून जातील. पहिल्या दिवशी होडी नको, कॅमेराही नको. वारा किती वाजता उठतो आणि किती वाजता पडतो, एवढेच वहीत लिहून आणा. मावळतीचा फोटो मात्र काठावरूनच काढायचा; दिवस बुडताना होडी ओढून वर ठेवलेली असली पाहिजे.