एक माणूस, एक ओळ

कुलवृत्तान्त लिहून ठेवण्याची हौस आपल्या समाजांत जुनी आहे. आमच्या घरींही अशी एक जाड वही आहे. आजोबांनीं तिचा आरंभ केला, वडिलांनीं भर घातली, आणि ती नीटनेटकी करून पुढच्या पिढीच्या हातीं देण्याचें काम गेल्या वर्षीं आमच्याकडे आलें. ह्याच निमित्तानें, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, आम्ही संगणकावर डेटाबेस रचावयास शिकलों. शिकविणारी आमची पुतणी.

प्रथम आम्हीं सर्व मजकूर एकाच लांबलचक कोष्टकांत भरला : नांव, जन्मसाल, विवाह, पत्ता. एका घरांत सात माणसें असलीं, तर पत्ता सात वेळां. पुढें तें बिऱ्हाड बदललें तेव्हां पांच ओळी दुरुस्त झाल्या व दोन तशाच राहिल्या. म्हणजे एकाच छपराखालच्या आजोबा-नातवांचे पत्ते निराळे! शिवाय आमच्या आत्या वहींतून माहेरच्या नांवानें व पत्त्यांच्या यादींतून सासरच्या नांवानें, अशा दोनदां आल्या. एका ओळींत त्यांचें जन्मसाल १९३८, तर दुसरींत १९३९!

पुतणी हंसून म्हणाली, "काका, चूक तुमच्या हाताची नाहीं; आंखणीची आहे."

ह्या आंखणीचें शास्त्र एडगर कॉड ह्या इंग्रज गृहस्थांनीं घातलें. अमेरिकेंत आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेंत असतांना १९७० सालीं त्यांनीं आपला निबंध प्रसिद्ध केला. तोंवर माहिती यंत्रांत कोणत्या वाटेनें सांठविली आहे, हें प्रोग्रॅम लिहिणारास ठाऊक असावें लागे. सांठवण बदलली कीं प्रोग्रॅमही मोडत असे. कॉड ह्यांचें सांगणें असें, कीं माहिती साध्या कोष्टकांत मांडावी, आणि एका कोष्टकाचा दुसऱ्याशीं संबंध त्यांतील समान मूल्यांवरून जोडावा. 'रिलेशनल' ह्या शब्दांतील 'रिलेशन' म्हणजे सोयरीक नव्हे. गणितांत अशा कोष्टकवजा रचनेस तें नांव आहे. १९७४ सालीं त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस ह्यांनीं अशा कोष्टकांस प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच पुढें एसक्यूएल ह्या नांवानें रूढ झाली. कॉड ह्यांस १९८१ सालीं ट्युरिंग पारितोषिक मिळालें.

मग आम्हीं तीन कोष्टकें केलीं : माणसें, घरें व विवाह. प्रत्येक माणसास एक क्रमांक, प्रत्येक घरास एक क्रमांक. माणसाच्या ओळींत पत्ता लिहावयाचा नाहीं, केवळ घराचा क्रमांक लिहावयाचा. आतां बिऱ्हाड बदललें तर एकच ओळ बदलते. दोन कोष्टकें जुळवून उत्तर काढण्यास 'जॉइन' म्हणतात. नांवावरून माणूस ओळखावा म्हटलें तर आमच्या कुळांत विष्णु चार आहेत, आणि मुलीचें नांव लग्नांत बदलतें. क्रमांक मात्र जन्मभर तोच. मृत्यूचें साल रिकामें असलें, तर माणूस हयात आहे कीं साल ठाऊक नाहीं, हें त्या रिकाम्या जागेवरून कळत नाहीं. म्हणून 'हयात' असा निराळा रकाना ठेवावा लागला.

शिकतांना ठेंच लागावयाचीच. एका चुलतभावाचा पत्ता बदलतांना 'व्हेअर' हा शब्द, म्हणजे कोणती ओळ बदलावयाची ही अट, लिहावयास आम्ही विसरलों. क्षणार्धांत सगळें कूळ नागपुरास एकाच घरांत राहावयास गेलें! आदल्या रात्रीची नक्कल जपून ठेविली होती म्हणून निभावलें. तेव्हांपासून कोणताही बदल करण्यापूर्वीं 'बिगिन' लिहावें, परिणाम डोळ्यांनीं पाहावा, बरोबर असल्यास 'कमिट' व चुकल्यास 'रोलबॅक' म्हणावें, हा नेम आम्हीं सोडला नाहीं.

परंतु खरा धडा पुढेंच होता. आजोबांच्या वहींत मुलीच्या नांवापुढें 'विवाहित' एवढाच शब्द असे, व तेथें तिची शाखा संपे. तिच्या मुलांस तेथें रकानाच नव्हता. नव्या आंखणींत प्रत्येक ओळींत आईचा क्रमांक व बापाचा क्रमांक, असे दोन रकाने आहेत. एके दिवशीं आत्या शेजारीं बसल्या असतां आम्हीं आजोबांच्या सर्व वंशजांची यादी मागितली. वहींत होतीं त्याहून तेवीस नांवें अधिक आलीं. त्यांत आत्यांचीं मुलें होतीं, नातवंडें होतीं. आत्या बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "अरे, म्हणजे मी अजून ह्या घरांत आहें तर!"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. यंत्रानें कांहीं नवें शोधलें नव्हतें. ती माणसें नेहमींच होतीं. कोणता रकाना आंखावयाचा हें मात्र यंत्र ठरवीत नाहीं, आंखणारा ठरवितो. आणि ज्यास रकाना नाहीं, त्याची आठवण दोन पिढ्यांत पुसली जाते.

ज्या वाचकांच्या घरीं अशी वही असेल, त्यांनीं घरांतील एखाद्या तरुण मुलास किंवा मुलीस शेजारीं बसवून हा उद्योग अवश्य करून पाहावा. आरंभ कोरा कागद व पेन्सिल घेऊन करावा, संगणक मागाहून. आणि पहिली ओळ भरण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्या बायकांस एकदां विचारावें, कीं आपल्या वहींत कोण राहून गेलें आहे.