व्हिडिओ मंदावला, तर दोष कोणाचा?

वाशिम, कारंजा वा रिसोड येथील घरी रात्री नऊच्या सुमारास नेटफ्लिक्सवरील चित्र वारंवार थबकू लागले, म्हणजे इंटरनेट कंपनी मुद्दाम व्हिडिओ अडविते असा ग्रह सहज होतो. परंतु एकाच तारेवर साऱ्या गल्लीचा भार पडणे, अथवा प्लॅनमधील डेटाची मर्यादा संपताच वेग उतरणे, हीही त्याची सामान्य कारणे होत. निषिद्ध आहे तो पक्षपात : दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१७ च्या शिफारशींनुसार दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये परवान्यांत जी दुरुस्ती केली, तिच्यान्वये विशिष्ट मजकूर रोखण्याची वा मंदावण्याची मुभा, वाजवी वाहतूक-व्यवस्थापनादी अपवाद वगळता, कंपन्यांस उरली नाही.

परीक्षा सोपी आहे. फास्ट डॉट कॉम ही चाचणी नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून वेग मोजते. ती व दुसरी एखादी सामान्य चाचणी, वाय-फायऐवजी केबल जोडून, लागोपाठ घ्यावी. तफावत मोठी असून वारंवार आढळली, तर संशयास आधार आहे. दोन्ही आकडे सारखेच खालावले असतील, तर दोष बहुधा जाळ्याच्या क्षमतेत आहे. उभय प्रसंगी स्क्रीनशॉटसह कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा, आणि तेथे दाद न लागल्यास तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अर्ज गुदरावा.