घरचा कोवळा कोंबडा आणि बटाटे : भाजण्याची रीत व त्यामागचे शास्त्र

परसात खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी बसवली की निघणाऱ्या पिलांत साधारण निम्मे नर असतात. माद्या अंड्यांसाठी राहतात. नर मात्र दाणा खातात, आपसांत झुंजतात आणि थोडे वजन भरताच आठवडी बाजारात मिळेल त्या भावाला जातात, नाहीतर पाहुणे आले की त्यांचा रस्सा होतो. कोवळा कोंबडा रश्श्यात घालणे हा त्याचा सर्वांत कमी फायद्याचा उपयोग आहे, असे माझे मत आहे. रस्सा जून कोंबडीचाच चांगला होतो. साफ केल्यावर ८०० ते ९०० ग्रॅम भरणारा पक्षी अख्खा भाजावा आणि त्याच भांड्यात घरचे बटाटे घालावेत. तीन-चार माणसांचे रात्रीचे जेवण होते.

यासाठी ओव्हन हवाच असे नाही. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगांची पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरून तोंड पाल्यानेच बंद करतात आणि मडके पालथे ठेवून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. पाला व शेंगा यांतील ओलाव्याची वाफ आत कोंडते आणि सर्व पदार्थ शिजतात. घरातील जाड बुडाची, घट्ट झाकणाची बिडाची कढई हेच काम करते.

पक्ष्याचे वय वजनापेक्षा महत्त्वाचे आहे. वय वाढते तसे स्नायूंभोवतीचे तंतुमय आवरण चिवट होते. ते मऊ पडायला ओली उष्णता आणि बराच वेळ लागतो. कोरड्या आचेवर असे मांस चामड्यासारखे होते. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जातींचे नर गावरान नरांपेक्षा लवकर वजन धरतात, म्हणून केवळ वजनावरून वय ठरवू नये. छातीच्या हाडाचे मागचे टोक बोटाने दाबून पाहावे. ते कुर्चेसारखे वाकले आणि पायामागचा काटा अजून नुसत्या गाठीएवढाच असला तर पक्षी भाजण्याजोगा आहे. टोक कडक लागले तर खुशाल रस्सा करावा.

कापण्यापूर्वी आठ-दहा तास दाणा बंद ठेवावा, पाणी चालू ठेवावे. भाजायच्या पक्ष्याची कातडी काढू नये, कारण आतील रस तीच राखते. पिसे काढताना उकळते पाणी वापरले तर कातडी फाटते. उकळत्या पाण्यात तेवढेच साधे पाणी मिसळले की तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास येते. त्यात पक्षी मिनिट-दीड मिनिट बुडवला की पिसे सहज सुटतात. साफ केलेला पक्षी दोन लहान चमचे मीठ आतबाहेर चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. कापल्यानंतर आखडलेले स्नायू तोपर्यंत सैल होतात, मीठ आत मुरते आणि कातडी कोरडी राहते. फ्रिज नसेल तर मांस तसेच ठेवू नये, लगेच शिजवावे. कच्च्या मांसाची सुरी व पाट कोशिंबिरीसाठी वापरू नयेत.

आता बटाट्याकडे वळू. येथे आम्हा कृषिविद्येच्या लोकांना थोडे बोलण्याचा अधिकार आहे! भाजायला शुष्कांश जास्त असलेला, पिठूळ बटाटा चांगला. तो ओळखायची युक्ती भात उत्पादकांना नवी नाही. आपण पोचट बियाणे वेगळे काढण्यासाठी ३ टक्के मिठाचे द्रावण वापरतो. येथे द्रावण अधिक तीव्र हवे. एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम मीठ विरघळवून बटाटे त्यात सोडावेत. बुडतात ते पिठूळ, तरंगतात ते भाजीचे. चिप्ससाठी निवडलेल्या कुफरी चिपसोना गटातील वाणांचे बटाटे सहसा बुडतात. शीतगृहातून नुकताच आणलेला बटाटा मात्र टाळावा. २ ते ४ अंशांवर साठवणीत त्यातील स्टार्चची साखर होते. असा बटाटा आतून शिजण्याआधीच बाहेरून काळा पडतो आणि गोड लागतो. तो दोन-तीन आठवडे अंधाऱ्या, हवेशीर खोलीत पसरून ठेवला की बरीचशी साखर कमी होते. हिरवा पडलेला किंवा कडू लागणारा बटाटा खाऊ नये, कारण त्यातील विषारी सोलॅनिन शिजवल्याने जात नाही.

पहिल्या खेपेला माझ्या घरी कोंबडा बाहेरून करपला, मांडीच्या सांध्याशी कच्चा राहिला आणि बटाटे दाताला लागत होते. दोष आचेचा नव्हता, क्रमाचा होता. छाती लवकर शिजते, मांडीला वेळ लागतो आणि कच्च्या बटाट्याला त्याहून जास्त. म्हणून पाठीचा कणा कात्रीने कापून काढावा, पक्षी उघडून पाट्यावर उताणा पसरावा आणि छातीवर तळव्याने दाबून सपाट करावा. अर्धा किलो बटाटे मोठ्या फोडी करून मिठाच्या पाण्यात आठ-दहा मिनिटे उकडावेत, पाणी काढून टाकावे आणि भांडे हलवावे. कडा खरबरीत झाल्या की त्या तेल धरतात. लिंबू बटाट्यावर आधी पिळू नये, आंबटपणाने तो लवकर मऊ होत नाही. आले, लसूण व हळदीचे वाटण कातडीच्या वर न लावता खाली सारावे, म्हणजे करपत नाही.

कढईत तीन चमचे तेल तापवून पक्षी छातीच्या बाजूने सात-आठ मिनिटे तांबूस करावा. मग उलटा करून भोवती बटाटे लावावेत, झाकण घालून मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटे ठेवावे. मध्ये एकदाच बटाटे परतावेत. सारखे झाकण उघडले तर वाफ जाते. चूल असेल तर शेवटची दहा मिनिटे झाकणावर निखारे ठेवावेत. गॅसवर झाकण काढून रस आटवावा. बटाटे सोनेरी झाले की पुरे, तपकिरी करू नयेत.

पक्षी शिजला की नाही हे रंगावरून ठरवण्याची सवय सोडावी. कोवळ्या पक्ष्याच्या हाडातील मगज झिरपून पूर्ण शिजलेले मांसही हाडालगत लालसर दिसते. कडकनाथाचे मांस तर मुळातच काळसर असते. स्वयंपाकाचा टोचणीचा थर्मामीटर मांडीच्या जाड भागात, हाडाला न लागता, खुपसावा. ७४ अंश दिसले म्हणजे झाले. थर्मामीटर नसेल तर पाय सांध्यात सैल फिरेपर्यंत आणि रस स्वच्छ येईपर्यंत थांबावे, वर आणखी पाच मिनिटे द्यावीत. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळला तेव्हा अनेक घरांत कोंबडी शिजणेच बंद झाले होते. तो विषाणू ७० अंशांवर, सर्व भाग नीट शिजल्यास, मरतो. मात्र याचा अर्थ आजारी पक्षी शिजवून खावा असा नव्हे. मलूल किंवा मेलेला पक्षी कापू नये, हाताळूही नये; पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. औषध चालू असलेला पक्षीही पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस संपेपर्यंत राखून ठेवावा.

कढई उतरवल्यावर पक्षी दहा मिनिटे तसाच राहू द्यावा, नंतर कापावा. तोवर लिंबू, कांदा आणि भाकरी तयार होते. काढलेला कणा व उरलेली हाडे पाण्यात तासभर उकळली की सकाळच्या पिठल्याला चांगले पाणी मिळते. उरलेले मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि पुन्हा खाताना वाफ येईपर्यंत गरम करावे.