चार तळहातांवर उभी गाडी

सकाळी सातला नाशिक फाट्याहून चाकणकडे निघालं की आपली छोटी गाडी किती पाण्यात आहे ते कळायला वेळ लागत नाही. भोसरीचा पूल उतरला की कंपन्यांच्या बस, मोशीच्या पुढे कंटेनर आणि ट्रेलर, आणि जून उजाडला की पाण्याने भरलेले खड्डे. कंटेनरला ओलांडताना वाऱ्याचा झोत लागून गाडी हलते. खड्डा चुकवायला स्टिअरिंग वळवावं तर मागचा भाग जरा उशिरा वळल्यासारखा वाटतो. मग दिवाळीचा बोनस हातात आला की माणूस ॲक्सेसरीजच्या दुकानात जातो आणि पुढे जाडजूड लोखंडी गार्ड, सीटला नवी कव्हरं, चकचकीत अलॉय असा तीस-चाळीस हजारांचा ऐवज चढवून बाहेर पडतो. यातल्या एकाही वस्तूने गाडी रस्त्याला जास्त घट्ट धरत नाही.

माझं मत अकरा वर्षं याच रस्त्याने जाऊन-येऊन तयार झालं आहे: छोट्या गाडीत पैसा दोनच ठिकाणी लावावा. गाडी रस्त्याला टेकते तिथे, आणि गाडी माणसाला धरून ठेवते तिथे. तेही आधी झिजलेलं परत आणण्यासाठी आणि मगच नवं काही चढवण्यासाठी.

गाडी रस्त्याला किती टेकते याचा हिशेब घरबसल्या करता येतो. छोट्या गाडीचं वजन ९०० किलो धरा, म्हणजे एका चाकावर साधारण २२५ किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो दाब. २२५ ला सव्वादोनने भागलं की १०० चौरस सेंटिमीटर येतात. दहा बाय दहा, साधारण एका तळहाताएवढी जागा. ब्रेक लागतो तो या चार तळहातांवर आणि वळणही घेतलं जातं ते यांच्यावरच. त्यामुळे या जागा रस्त्यावर सपाट आणि सतत टेकलेल्या ठेवणं यालाच हँडलिंग म्हणायचं. सस्पेन्शनचं सगळं काम त्यासाठीच चालतं.

म्हणून पहिला खर्च टायरच्या हवेचा आणि अलाइनमेंटचा, जो हजाराच्या आत भागतो. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर छापलेला असतो, तो मानावा. पंपवाला सरसकट ३५ भरतो, तो मानू नये. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐंशी-नव्वदच्या वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायरची एकच कड खाल्ली जात असेल तर अलाइनमेंट. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो, म्हणजे वरून पाहिलं असता चाकं आत वळली आहेत की बाहेर, तेवढाच जुळवता येतो. चाक वरून झुकलेलं आहे का हे सांगणारा कॅम्बर मशीनवर लाल दिसला तर पाना फिरवून तो सुटत नाही. चाक धरून ठेवणारा आर्म किंवा स्ट्रट वाकला आहे, नाहीतर बुश गेला आहे, असं समजावं. प्रिंट मागून घ्या आणि कॅम्बरचा आकडा स्वतः वाचा.

बुश हा शब्द गॅरेजबाहेर फार कुणाला माहीत नसतो, पण जुन्या छोट्या गाडीत पैशाला सर्वांत जास्त परतावा देणारी वस्तू हीच. भोसरीच्या एका गल्लीतल्या मिस्त्रींनी मला ती दाखवली. गाडी लिफ्टवर घेतली, लोअर आर्म आणि चॅसिसच्या मध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घालून हलकेच दाब दिला. आर्म अर्धा इंच सरकला. "काका, इथं बघा," म्हणत त्यांनी बॅटरी मारली. लोखंडाच्या दोन नळ्यांमध्ये भरलेलं रबर चिरून त्याचा काळा भुगा होत होता. ब्रेक मारला की आर्म मागे सरकायचा, चाकाचा कोन बदलायचा, आणि मी समजत होतो स्टिअरिंग बिघडलंय. दोन्ही बाजूंचे बुश आणि लिंक रॉड बदलले, खर्च चार आकडी रकमेतच राहिला. त्या संध्याकाळी आळंदी फाट्यावर ब्रेक मारला तेव्हा गाडी सरळ थांबली. नव्या टायरनेही इतका फरक मला कधी जाणवला नव्हता.

आता शॉकअप. भार पेलते ती स्प्रिंग. शॉकअपचं काम तिला आवरण्याचं. खड्ड्यात स्प्रिंग दबली की ती उसळणार आणि उसळताना चाक रस्त्यावरून उचलणार. शॉकअपच्या नळीतलं तेल बारीक छिद्रांतून जबरदस्तीने जातं आणि ती उसळी गिळून टाकतं. तेल गळलं किंवा आतला वॉल्व्ह झिजला की चाक नाचत राहतं, तळहात जमिनीवर टिकत नाही आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर वाढतं. बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन एकदा स्थिरावली तर ठीक, दोन-तीनदा हेलकावली तर शॉकअप संपले. बदलताना जोडीने बदलावेत, वरचं स्ट्रट माउंट आणि बंप स्टॉपही सोबत, आणि त्यानंतर अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये.

या पट्ट्यात राहणाऱ्याला चांगल्या मालासाठी लांब जावं लागत नाही. शॉक ॲब्सॉर्बर बनवणारी गॅब्रिएल इंडिया पुणे-नाशिक रस्त्यावर कुरुळीत आहे, बेअरिंग बनवणारी एसकेएफ चिंचवडमध्ये, आणि ब्रिजस्टोनचा टायरचा कारखाना चाकणला. तरीही याच रस्त्यावर डुप्लिकेट पार्ट खपतात. खोक्यावरचा पार्ट नंबर गाडीच्या मॉडेलशी जुळवा आणि पक्कं बिल घ्या.

इथे एक अनुभव सांगतो, कारण तीच चूक मी रोज पार्किंगमध्ये पाहतो. गाडी गतिरोधकावर घासायची म्हणून एका दुकानात मला स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसवायचे रबरी बफर दिले. गाडी बोटभर वर आली आणि पहिले चार दिवस मी खूश होतो. पण त्या बफरने स्प्रिंगची दोन वेटोळी दबूच दिली नाहीत. स्प्रिंग तेवढी कडक झाली आणि शॉकअप मात्र मूळच्याच स्प्रिंगच्या मापाचा राहिला. खड्ड्यात चाक खाली जाऊन रस्ता पकडायच्या ऐवजी अख्खी गाडी उडायला लागली. गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर ती जास्त कलायची. दीड वर्षात पुढचे दोन्ही शॉकअप गळले. घासण्याचं खरं कारण वेगळंच होतं: मागच्या स्प्रिंगा थकून बसल्या होत्या. त्या नव्या टाकल्या आणि गाडी आपोआप मूळ उंचीला आली.

टायर बदलायची वेळ आलीच, तर थोडा रुंद टायर घेणं ही खरी आणि रास्त सुधारणा आहे, मात्र हिशेबाने. १६५/८० आर १४ म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंचांची. गणित केलं तर पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर येतो. १८५/६५ आर १५ चा येतो सुमारे ६२१. व्यास जवळजवळ तोच, पण रुंदी जास्त आणि भिंत बुटकी, त्यामुळे वळणावर टायर कमी मुरडतो. म्हणूनच एकाच गाडीच्या खालच्या आणि वरच्या मॉडेलला कंपनी अशी मापं देते. आपल्या गाडीच्या वरच्या मॉडेलचं माप हीच आपली मर्यादा मानावी. व्यास तीन टक्क्यांहून जास्त बदलला की स्पीडोमीटर चुकतो आणि एबीएसचंही गणित बिघडतं. घेताना टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२२४ म्हणजे २०२४ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद होतो, पण पावसाळ्यासाठी मी त्याच्या बराच आधी बदलतो.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतला ओलावा शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, आणि बोरघाटात किंवा माळशेजला सतत ब्रेक लावून उतरताना त्याची वाफ होऊन पेडल पोकळ लागतं. हा खर्च टायरच्या पासंगालाही पुरत नाही.

संरक्षणाकडे वळतो. पुढचा लोखंडी गार्ड काढून टाका, असं मी स्पष्ट सांगतो. गाडीचा पुढचा भाग चुरगळण्यासाठीच बनवलेला असतो. चुरगळताना तो धक्का पितो आणि एअरबॅगच्या सेन्सरला नेमक्या क्षणी खबर देतो. चॅसिसला बोल्ट मारलेला गार्ड धक्का थेट आत पोचवतो, आणि एअरबॅगची वेळ, जी पापणी लवायच्या आतली असते, चुकू शकते. पायी जाणाऱ्याच्या पायाचं काय होतं ते वेगळंच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना असे गार्ड बंद करायला सांगितलं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार अशा बेकायदा फेरफारासाठी मालकाला प्रत्येकी पाच हजारांचा दंड होऊ शकतो.

सांगाडा आणि एअरबॅग यांचं नातं याच चाकणच्या एका गाडीने दाखवून दिलं. २०१४ मध्ये गाड्यांची अपघात-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने भारतातल्या छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आदळून पाहिल्या. तेव्हा चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन पोलोचा सांगाडा शाबूत राहिला, तरी एअरबॅग नसलेल्या मॉडेलला शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅगवाल्या पोलोला मोठ्यांच्या सुरक्षेत चार. कंपनीने त्यानंतर विनाएअरबॅग मॉडेल विकणंच बंद केलं. म्हणूनच सांगतो, एअरबॅग नंतर बाजारातून बसवता येत नाही. ती गाडी घेतानाच घ्यायची असते. आणि सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर तिच्यावरून गच्च शिवलेलं कव्हर चढवू नका. फुगणाऱ्या पिशवीला उसवायला शिवण हवी असते.

या दोन ठिकाणांपलीकडे काही करायचंच, तर पत्र्याच्या संरक्षणात मडफ्लॅप सर्वांत स्वस्त आणि उपयोगी. खालचं रबरी कोटिंग गाडी नवी असतानाच करावं. गंजावर मारलं तर पाणी आतच कोंडतं आणि पत्रा आतून खातं.

शेवटची गोष्ट फुकटची आहे. आज घरी गेल्यावर मागच्या सीटवर बसा आणि बेल्टची बकलं शोधा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ती कव्हरखाली गाडलेली असतात, कारण टोचतात म्हणून दुकानदारानेच तिथे ढकललेली. मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट बंधनकारक आहे. कात्रीने कव्हरला भोक पाडा, तिन्ही बकलं वर काढा, आणि गाडी सुरू करण्याआधी मागच्या तिघांना बेल्ट लावायला सांगा.